करवतीला भिऊ नका, पेनस्टँडला भ्या

धारूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेतून शिक्षिकेचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, इथं थोडक्यात देतो.

‘मी विज्ञान शिकवते. यंदा मुख्याध्यापकांनी आठवीला आठवड्याला एक जोडतास तंत्रज्ञानाचा ठेवला आणि तो माझ्याकडे दिला. वर्गात ६२ मुलं आहेत. बहुतेक जण आजूबाजूच्या गावांतून, वस्त्या-तांड्यांवरून, जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी करून नवीनच आलेत. सामान म्हणजे कार्यानुभवाच्या काळातली एक लोखंडी पेटी. तिच्यात गंजलेली करवत, दोन हातोड्या, एक पक्कड. सरांना विज्ञान प्रदर्शनासाठी रोबोट हवाय, किट मागवू म्हणतात. मी स्वतः कधी करवत हातात धरलेली नाही, त्यामुळे कुणाचं बोट कापलं तर काय, ही धास्ती आहे. त्यात एक पालक तोंडावर म्हणाले, “हातातला कोयता सुटावा म्हणून पोराला शाळंत घातलं, अन्‌ तुम्ही करवत देताय व्हय?” मला उत्तर सुचलं नाही. सुरुवात कुठून करू?’

ताई,

रोबोटवर तुम्ही दोन पानं लिहिलीत आणि त्या पालकांवर तीन ओळी. मी उलटीकडून सुरू करतो, कारण त्या तीन ओळींचं उत्तर सापडलं की बाकीचं बरंचसं आपोआप ठरतं.

त्या माणसाचं काही चुकलेलं नाही. ऊसतोडीच्या घरात हाताचं काम म्हणजे काय, हे तुम्हाला बीड जिल्ह्यात राहून मी सांगायची गरज नाही. सुतारकी, लोहारकी करणाऱ्या घरांचंही तेच. जातीनं गळ्यात बांधलेलं काम, बदल्यात चार पायल्या बलुतं, आणि बसायला मात्र ओट्याच्या खाली. अशा घरातल्या बापापुढं श्रमप्रतिष्ठेचं भाषण करू नका. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नयी तालीम मांडली, हाताच्या कामातून सगळं शिक्षण द्यायचं म्हणाले. विचार मोठाच होता. पण कष्टाचं कौतुक ऐकून घ्यायलाही कष्टातून थोडी सुटका झालेली असावी लागते.

त्यांना साधं विचारा: कोयता चालवताना तुम्हाला कधी कुणी विचारलं का, की मोळी केवढी बांधायची, तोड कुठून धरायची? ते सगळं मुकादमानं आणि कारखान्यानं ठरवलेलं असतं. इथं मात्र ठरवायचं काम पोराचं आहे. काय करायचं, कशाचं करायचं, किती मापाचं करायचं, मोडलं तर का मोडलं. करवत त्या ठरवण्याच्या शेवटी येते. हे खरं असेल तरच बोला मात्र. वर्षभर तुम्ही सांगाल तसं ६२ जण कापत आणि चिकटवत राहिले, तर त्या पालकांचं म्हणणं खरं ठरलं असं समजा.

व्यवहाराचंही सांगा. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा घ्या नाहीतर आयटीआय, सुरुवातीलाच ड्रॉइंग समोर येतं. वस्तू वरून, समोरून आणि बाजूनं कशी दिसते, हे डोळ्यांपुढं उभं न राहिल्यामुळे नव्वद टक्केवाली पोरं तिथं अडकलेली मी पाहिली आहेत. लातूरच्या क्लासची फी जमवणाऱ्या बापालाही एवढं पटतं. मुख्याध्यापकांना पटवायला २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण पुरेल. त्यात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत, सुतार, माळी, कुंभार अशा जाणकारांकडे जाऊन शिकायला. पालकांना ते दाखवायच्या भानगडीत पडू नका. त्यांना पोराची वही दाखवा.

आता किट. किटच्या डब्यात स्क्रूसुद्धा मोजून आलेले असतात. सोबतच्या चित्राप्रमाणं जोडत गेलं की गाडी पळते, पळाली की टाळ्या. ठरवायला काय उरलं? शिवाय ६२ पैकी चौघांचे हात त्याला लागणार, बाकीचे मागून टाचा उंचावणार. अटल टिंकरिंग लॅब मिळालेल्या शाळांची गोष्ट निराळी. तिथं नीती आयोगाचं २० लाखांपर्यंतचं अनुदान असतं, थ्रीडी प्रिंटर असतो. तुमच्या तालुक्यात अशी शाळा असेल तर तिथल्या सरांना आधी पत्र टाकून एक दिवस पोरांना घेऊन जा. पण स्वतःचा पाया त्याच्यावर घालू नका.

खरं सांगायचं तर किटपेक्षा मला आईस्क्रीमच्या काड्यांच्या पेनस्टँडची जास्त धास्ती वाटते. दर वर्षी शेकड्यांनी होतात, वर चमकी लावतात, काचेच्या कपाटात जातात. ज्या पोराकडे पेनच दोन, त्याला स्टँड कशाला? गरज कुणाचीच नाही, म्हणून तो चांगला झाला की वाईट हे तपासताही येत नाही. सुंदर आहे म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

म्हणून गरजेपासून सुरू करा, आणि ती वर्गातलीच घ्या. एका बाकावर तीन पोरं बसतात, दप्तरं खाली वाटेत. तुम्ही फळ्याकडून मागं जाताना कितीदा पाय अडकतो? भिंतीवर दप्तर अडकवायची खुंट्यांची पट्टी करायची, हे पहिलं काम. जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांत भिंतीला खुंट्या असतात, पोरांनी आजोळी पाहिलेल्या आहेत. पण बघणं वेगळं आणि करायला घेणं वेगळं.

पहिल्या जोडतासाला पेटी उघडूच नका, नुसतं मोजू द्या. वर्गातल्या सगळ्यात बुटक्या मुलीचा हात कुठवर पोचतो? भरलेलं दप्तर रुंदीला किती? दोन दप्तरं शेजारी अडकवली तर खुंट्यांमध्ये अंतर किती सोडावं? दप्तराचं वजन किती? किराणा दुकानातून ताणकाटा मागून आणा. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड दप्तर असू नये असा सरकारी दंडक आहे, तोही त्याच दिवशी तपासून होईल आणि काही शिक्षकांना तो आवडणार नाही. मोजताना गंमत दिसेल. निम्मी पोरं पट्टीच्या काठापासून मोजतील, शून्याच्या रेघेपासून नाही. मोडकी पट्टी वापरणारा एकापासून सुरू करून एक वजा करायला विसरेल. टेपच्या टोकाचा आकडा, म्हणजे हूक, हलतो म्हणून कुणी टेप खराब आहे म्हणेल. तो मुद्दाम सैल ठेवलेला असतो. बाहेरून अडकवून ओढलं किंवा आतून टेकवून दाबलं, तर आकड्याच्या जाडीएवढाच तो सरकतो आणि माप दोन्हीकडे बरोबर येतं. एवढ्या एका गोष्टीवर अर्धा तास सहज जातो, जाऊ द्या. सुताराची भाषाही कानावर घाला: एका इंचाचे आठ सूत. वहीत मिलिमीटर असू देत, पण वखारीत ‘दोन इंच तीन सूत’ ऐकल्यावर पोर गोंधळू नये. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, बाकीचा हिशेब त्यांच्याकडूनच करून घ्या.

मग कागदावर तीन बाजूंनी चित्र, आणि त्यानंतर कडब्याच्या धाटाचं निम्म्या मापाचं मॉडेल. ज्वारीचा पेरा कमी झाला, सगळीकडे सोयाबीन आलं, तरी कुणाच्या ना कुणाच्या दारात कडब्याची गंज असते. भेंडाची बैलगाडी केलेली पोरं अजून आहेत, त्यांना हा भाग शिकवावा लागत नाही. धाट फुकट, मोडलं तर दुसरं. इथं चुकायला काही किंमत पडत नाही म्हणून इथंच भरपूर चुकू द्या.

खुंटी कशाची, हे गटावर सोडा. बाभळीची, बांबूची, मोठ्या खिळ्याची, वाकवलेल्या सळईची. पट्टीला लाकूड वखारीतून किंवा फर्निचरवाल्याकडच्या कापलेल्या तुकड्यांतून मिळतं. पाच-सहा जणांचे बारा गट होतील. त्यांतल्या एका वेळी तीनच गटांच्या हातात हत्यार, बाकीचे मोजणी, चित्र, मॉडेल आणि तपासणीवर.

तपासणी ही या सगळ्याची जान आहे. पट्टी दोन बाकांमध्ये घट्ट बांधा आणि खुंटीला पिशवी लावून एकेक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या तिच्यात टाका. एक बाटली, जवळजवळ एक किलो. कितव्या बाटलीला खुंटी वाकली, निसटली की मोडली, ते लिहा. खाली कुणाचा पाय नको. सरळ ठोकलेल्या खुंटीवरून पिशवी सरकून पडेल, त्यावरून एखाद्याच्या लक्षात येईल की आजोळची खुंटी टोकाकडे जरा उचललेली का होती. कुणाची पट्टी खिळ्याच्या रेषेत चिरेल, कारण खिळे सगळे एकाच ओळीत एकाच रेषेवर ठोकले. हे तुम्ही आधी सांगू नका. सांगावंसं वाटेल, तरी नका.

आणि मग तीच पट्टी पुन्हा करायला लावा. नवीन वस्तू नको, तीच. यावर मी अडून बसणारा माणूस आहे. आपल्या शाळांत एक वस्तू झाली की पुढच्या वस्तूकडे पळायची सवय आहे. पहिल्या खेपेला पोराला हत्यार धरणंच सुधरत नाही, विचार कधी करणार? दुसऱ्या खेपेला हात बसलेला असतो आणि पहिली मोडलेली समोर असते. निम्मे गुण पहिल्या आणि दुसऱ्या पट्टीत काय बदललं आणि का, या वहीतल्या अर्ध्या पानाला द्या. जिची पट्टी पहिल्याच खेपेला दहा बाटल्या पेलून उभी राहिली, त्या मुलीला ती हलकी किंवा स्वस्त करायला सांगा. दुसऱ्या पट्ट्या शिपाईमामांच्या मदतीनं खरोखर भिंतीत बसवा. भिंतीला भोक पाडून स्क्रू पिळण्याचं काम मोठ्यांचं.

बोट कापण्याचं. करवत तुम्हाला येत नाही हे दोन संध्याकाळी सुताराच्या दुकानात बसून भरून निघेल. पाहू नका नुसतं, कापा. कापायच्या रेषेवर आधी हलक्या हातानं मागं ओढून खाच पाडायची, मग लांब हात चालवायचा. हॅकसॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं, पातं लावताना दात पुढच्या दिशेला. बोट कापतं ते लाकूड हललं म्हणून, त्यामुळे लाकूड जी-क्लॅम्पनं बाकाला आवळल्याशिवाय कुणीही करवत लावायची नाही. लाकूड गुडघ्यावर धरून कापणं सुताराला शोभतं, आठवीतल्या पोराला नाही. गंजकी करवत सुताराकडून धार लावून आणा. बोथट हत्यारावर जोर जास्त लावावा लागतो आणि ते निसटतं. भोक पाडताना डोळ्यांवर चष्मा. वेणी बांधलेली, ओढणी कमरेला खोचलेली, पायात काहीतरी. एका प्लायवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगानं काढून खिळ्यांवर हत्यारं अडकवा. घंटा होण्याआधी कोणती जागा रिकामी आहे ते दारातूनच दिसतं. आणि भिंतीतल्या विजेच्या बोर्डाला या तासात कुणाचाही हात लागणार नाही.

तरी एखाद्याला लागेलच. स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं धुवायचं, दाबून धरायचं, खोल किंवा मातीगंजाची जखम असेल तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात. धनुर्वाताची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी देतात, दहाव्या वर्षाची कुणाची राहिलीय का, ते वर्षाच्या सुरुवातीलाच पाहून घ्या. तुमच्या वर्गात एक गोष्ट मात्र शहरातल्या शाळेपेक्षा बरी आहे. तुमच्या पोरांनी विळा, खुरपं, काहींनी कोयताही धरलेला आहे. धारेची ओळख त्यांना तुमच्याआधीची आहे. त्यांच्यातल्याच दोघा-तिघांना हत्यारांची जबाबदारी द्या.

मुलींबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण होणार काय ते सांगतो. गटात मुली लिहितील आणि मुलं ठोकतील. कुणी ठरवत नाही, तरी तसंच होतं, आणि मुलींचं अक्षर चांगलं असतं हे कारण तयार असतं. कामांची पाळी फळ्यावर लिहा आणि दर तासाला फिरवा. दुसऱ्या सत्रात एक काम कापडाचं घ्या, जुन्या जीन्सची टिकाऊ पिशवी, म्हणजे मुलांच्या हाती सुई येईल. वाकळ शिवणाऱ्या आजीला बोलवा. थरांना टाके कसे धरून ठेवतात हे तिच्याइतकं कुणाला कळणार? इंग्लंडात १९९० पासून हा विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमात आहे, आणि तिथल्या बऱ्याच शाळांत अकराव्या वर्षी माध्यमिकला आलेलं पोर लाकूड, कापड, स्वयंपाक, इलेक्ट्रॉनिक्स असं आळीपाळीनं सगळं करतं, मुलगा असो की मुलगी. आपल्याकडे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम काढला. तिथून शाळांत गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात वर्कशॉप, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि घर-आरोग्य असे चारही विभाग सगळ्यांना असतात, आणि गावाला लागणारी खरी कामं पोरं करतात. जमलं तर एकदा पाहून या.

आता वेळापत्रक, आणि हे महत्त्वाचं. जूनमध्ये सुरू केलंत तर दोन्ही पट्ट्या दसऱ्याच्या आत संपवा. दिवाळीनंतर तुमच्या वर्गातली काही बाकं रिकामी होतील. कोण आई-बापाबरोबर ऊसतोडीला कारखान्यावर जाईल, कोण आजीजवळ राहील, ते तुम्हाला ऑगस्टमध्येच कळतं. जाणाऱ्याचं काम अर्धवट राहता कामा नये. त्याला जाताना एक वही द्या आणि सांगा, कोपीत, म्हणजे तोडणीवरच्या झोपडीत, राहताना काय काय अडचण होते ते लिहून आण. अंधार, पाणी साठवणं, धान्याला उंदीर. परत आल्यावर वर्गाला पुढचं काम त्याच्या वहीतून मिळेल. वर्गात मागं पडलेला पोरगा त्या दिवशी सगळ्यांना काम नेमून देणारा होईल.

थंडीत हातातल्या दिव्याचं काम घ्या. शेतीला रात्रीची लाईट असते तेव्हा मोटर चालू करायला कोण जातं आणि कसं, हे सगळ्यांना माहीत आहे. एक हात मोकळा राहील असा दिवा करायचा. दोन पेन्सिल सेल, म्हणजे तीन व्होल्ट, आणि पांढरा एलईडी. लांब पाय अधिक टोकाला. लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट पुरतात, तो थेट लावला तर जळू शकतो, मध्ये १०० ओहमचा रेझिस्टर घाला. वायर जोडणं हा दहा मिनिटांचा भाग. तो कपाळाला बांधायचा की मनगटाला, ओल्या हातानं बटण दाबता येतं का, चिखलात पडला तर उघडून पुसता येतो का, इथं खरा तास जातो.

आणि सप्टेंबरच्या अखेरीला भिंतीचा एक तास ठेवाच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली. तुमच्या पोरांच्या आजी-आजोबांना ती पहाट आठवत असेल. बरीचशी माणसं दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली सापडली. त्या भिंती जाड दिसायच्या, पण आत दोन वेगवेगळ्या भिंती पाठीला पाठ लावून उभ्या असाव्यात तशी रचना, मधे माती आणि बारीक दगड. दोन्हींना आरपार जोडणारे लांब दगड नसले की हादऱ्यात त्या सुट्या होऊन फुटतात. हे पोरांना करून पाहू द्या. खडे आणि चिखलाच्या दोन वीतभर भिंती, एक जोडदगडांची, एक बिनजोडाची, दोन्हींवर सारख्याच वजनाचं मातीचं छप्पर. गोट्यांवर ठेवलेल्या ताटात वाळल्यावर हलवायच्या. कुठून फुटली, ते चित्र काढायचं. त्या दिवशी आवाज फार होऊ देऊ नका. एखाद्याच्या घरातलं कुणी गेलेलं असू शकतं, आधी चौकशी करा.

सुताराला वर्गात बोलवाल तेव्हा खुर्ची द्या, मुख्याध्यापकांच्या शेजारची. शाल-नारळ नको, त्यांच्या वेळेचे पैसे द्या. त्यांनी केलेली तिफण, म्हणजे पेरणीचं अवजार, गावात कुठं अडगळीत पडली असेल तर ती आणायला सांगा. चाड्यातून, म्हणजे वरच्या वाटीतून, बी तीन नळ्यांत सारखं कसं जायचं, मूठ सोडणाऱ्या बाईचा हात त्यात काय करायचा, हे त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखं आहे.

राहिलं प्रदर्शन. सरांना सांगा, रोबोट नाही, पट्टी नेऊ. पण चमकवलेली एक नको, दोन न्या: पहिली, चिरलेली, आणि दुसरी. सोबत बाटल्या आणि ताणकाटा. परीक्षक विचारतील, “यात नवीन काय?” तुम्ही मधे बोलू नका, जिनं खुंटी कलती केली तिला बोलू द्या. नंबर येईल असं मी म्हणत नाही, शेजारच्या टेबलावर दिवे लागणारा रोबोट असेल. म्हणून सरांना नंबराचं आधीच सांगून ठेवा, प्रदर्शनाच्या दिवशी नको.